कामासाठी लिस्बनला जाताय? मोकळ्या वेळात शहर कसे पाहावे

कंपनीच्या कामासाठी परदेशी गेलेल्या माणसाला शहर पाहायला सलग वेळ मिळत नाही. बैठक संपल्यानंतरचे दोन तास, एखादी मोकळी सकाळ आणि नशीब चांगले असेल तर परतीच्या विमानापूर्वीचा एक शनिवार, असा तो तुकड्यातुकड्यांनी हाती येतो. पर्यटकांसाठी तयार केलेले तीन दिवसांचे आखीव कार्यक्रम अशा वेळी उपयोगी पडत नाहीत. लिस्बनला मी पहिल्यांदा गेले तेव्हा रविवारी रात्री पोहोचले, सोमवार मोकळा होता आणि मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत काम होते. साहजिकच सोमवारी सकाळी मी नदीकाठच्या बेलेम भागात गेले आणि जेरोनिमोश मठाच्या बंद दारासमोर, माझ्यासारख्याच आणखी बऱ्याच अजाण लोकांबरोबर, उभी राहिले. सोमवारी मठ बंद असतो. नंतरच्या चार दिवसांत तिकडे फिरकण्याइतकी सवड मिळाली नाही आणि शनिवारी पहाटे विमान होते. दुसऱ्या खेपेला मात्र कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी काय उघडे असते हे आधी लिहून काढले आणि तेवढ्याच वेळात दुप्पट शहर पाहून झाले. तेच टिपण येथे क्रमवार देत आहे.

1. व्हिसाच्या अर्जातच मोकळे दिवस धरा

पोर्तुगाल शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे अल्पकालीन शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. प्रत्यक्षात भेटीची वेळ मिळण्यातच बरेच दिवस जातात, म्हणून कामाची तारीख पक्की होताच ती वेळ घेऊन टाकावी. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो असून अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. सोबत लागणारी कागदपत्रे अशी:

- गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असलेला आणि दोन कोरी पाने असलेला पासपोर्ट
- तिकडच्या कंपनीचे निमंत्रणपत्र आणि आपल्या कंपनीचे पत्र
- किमान 30,000 युरो संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा
- जाण्या-येण्याच्या विमानाचे आणि सर्व रात्रींच्या मुक्कामाचे आरक्षण
- बँकेचे अलीकडचे विवरण, पगाराच्या पावत्या आणि प्राप्तिकर विवरणपत्र

येथे होणारी चूक अशी की कंपनीच्या पत्रात केवळ बैठकांच्या तारखा लिहिल्या जातात आणि व्हिसाही तेवढ्याच दिवसांचा मिळतो. व्हिसावर दोन वेगवेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो चालेल हे एक, आणि त्या मुदतीत एकूण किती दिवस राहता येईल हे दुसरे. मुदत महिनाभराची आणि मुक्काम सहा दिवसांचा, असेही असू शकते. शनिवार-रविवार स्वखर्चाने राहायचे असेल तर तसे कंपनीच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्यावे आणि विमाही त्या दिवसांसह काढावा.

तपासणीच्या रांगेचाही विचार तिकीट काढतानाच करावा. फ्रँकफर्टसारख्या शेंगेन शहरातून गेल्यास प्रवेशाची तपासणी तिथेच होते. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे गेल्यास ती लिस्बनला होते. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली असल्यामुळे रांगा लांबतात. मधल्या विमानतळावर दीड तासाचे अंतर ठेवणारे स्वस्त तिकीट शक्यतो टाळावे.

2. घड्याळाचे गणित मांडा

पोर्तुगालची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलते. शेजारचे स्पेन एक तास पुढे असते, हे माद्रिदच्या लोकांशी बैठक ठरवताना विसरू नये. या फरकाचा कामाच्या प्रवासात मोठा फायदा असा, की लिस्बनला संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्या-मुंबईत साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. आपल्याकडच्या लोकांचे फोन सकाळी येतात आणि संध्याकाळ खऱ्या अर्थाने मोकळी मिळते.

ती संध्याकाळ केवढी, हे ऋतूवर ठरते. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरमध्ये सव्वापाचलाच. उन्हाळ्यातील प्रवासात रोजची संध्याकाळ फिरण्यासाठी धरता येते; हिवाळ्यात मात्र सकाळची एखादी बैठक पुढे ढकलता येते का ते पाहावे.

वार आणि बंद दारे यांचा हिशेब असा: जेरोनिमोश मठ आणि बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात, कार्मोचे भग्न चर्च रविवारी बंद पण सोमवारी उघडे असते, साओ जॉर्जचा किल्ला सोमवारीही उघडा असतो. म्हणजे मोकळा दिवस सोमवार असेल तर अल्फामा ही जुनी वस्ती आणि किल्ला, मंगळवार किंवा पुढचा असेल तर बेलेम. याशिवाय 25 एप्रिल, 1 मे, 10 जून, 13 जून या सुट्या तपासाव्यात. त्यांपैकी 13 जून हा खास लिस्बन शहराचा सण असून त्याच्या आदल्या रात्री जुन्या वस्त्यांत सार्डिन मासे भाजण्याचा धूर आणि गर्दी एवढी असते की त्या भागात हॉटेल असेल तर झोपेची आशा सोडावी.

3. विमानतळावरच वाहतुकीचे कार्ड घ्या

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रोची लाल मार्गिका तेथूनच सुरू होते. जुन्या शहरात जाण्यासाठी आलामेदा स्थानकावर हिरवी मार्गिका पकडावी. स्थानकातील यंत्रातून नावेगांते नावाचे कागदी कार्ड अर्ध्या युरोला मिळते आणि त्यावर पैसे किंवा तिकीट भरता येते. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागते. एका कार्डावर एका वेळी एकाच प्रकारचे भाडे राहते; शिल्लक पैसे असलेल्या कार्डावर दिवसभराचा पास भरता येत नाही, त्यासाठी दुसरे कार्ड घ्यावे लागते. यंत्रासमोर उभे राहून चिडलेले प्रवासी दिसले तर बहुधा त्यांचे हेच झालेले असते. दिवसभर फिरायचे असेल तर सुमारे सात युरोंचा 24 तासांचा पास परवडतो; तो मेट्रो, बस आणि ट्रॅम तिन्हींना चालतो. ट्रॅममध्ये चढून चालकाकडून घेतलेले तिकीट सर्वांत महाग पडते.

नावे वाचताना शेवटच्या ‘स’चा उच्चार बहुधा ‘श’ होतो एवढे लक्षात ठेवले, तरी घोषणा समजू लागतात.

4. पहिली संध्याकाळ: नदीकाठ, बायशा आणि कार्मो

पहिल्या दिवशी झोप पुरी झालेली नसते, म्हणून सपाट भागापासून सुरुवात करावी आणि लिस्बनमध्ये सपाट म्हणता येईल असा भाग बायशा हाच आहे. तेजो नदीच्या काठावरील प्रासा दो कोमेर्सिओ या भव्य चौकातून, कमानीखालून, रुआ औगुश्ता या रस्त्याने रोसिओ चौकाकडे जावे. सरळ रेषांत आखलेले हे रस्ते पाहून हे शहर जुने असल्याचा संशयच येतो आणि तो अर्धा खरा आहे. 1 नोव्हेंबर 1755 रोजी सकाळी, सर्व संतांच्या सणाला चर्चे भरलेली असताना येथे प्रचंड भूकंप झाला; पाठोपाठ नदीतून सागरी लाटा आल्या आणि चर्चांतील मेणबत्त्यांपासून, घरांच्या चुलींपासून लागलेली आग कित्येक दिवस जळत राहिली. राजा जोझे पहिला याचा मंत्री, जो पुढे पोंबालचा मार्किश म्हणून ओळखला गेला, त्याने हा भाग नव्याने आखला आणि भिंतींच्या आत लाकडी सांगाड्याचे पिंजरे घालून भूकंपात तग धरतील अशा इमारती उभ्या केल्या. चौकातील अश्वारूढ पुतळा त्याच राजाचा.

त्यानंतर वर शियादो भागात, लार्गो दो कार्मो या लहानशा चौकात जावे. बायशातून तेथे नेणारी सांता जुश्ता ही 1902 मधील लोखंडी लिफ्ट प्रसिद्ध आहे आणि तिच्यासमोरची रांगही तितकीच प्रसिद्ध आहे. दोन तासांच्या संध्याकाळीतला पाऊण तास रांगेत घालवण्याचे काही कारण नाही. मेट्रोच्या बायशा-शियादो स्थानकातील सरकते जिने डोंगराच्या वरच्या बाजूला आणून सोडतात आणि तेथून कार्मो चार मिनिटांवर आहे. उतारावरून चालणाऱ्या जुन्या केबल गाड्यांच्या भरवशावरही बेत आखू नये. सप्टेंबर 2025 मध्ये ग्लोरिया मार्गावरील गाडीला झालेल्या भीषण अपघातात सोळा जण दगावले आणि त्यानंतर ही सेवा थांबवण्यात आली. सध्या काय चालू आहे ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

कार्मोच्या चर्चचे छप्पर भूकंपात कोसळले आणि ते पुन्हा कधी घातलेच नाही. उघड्या आकाशाखाली उभ्या असलेल्या त्या कमानी पाहून वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चे डोळ्यांपुढे येतात. कारणे अर्थातच निराळी आहेत: येथे भूकंप, आणि तिथे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यानंतर संपलेली सत्ता. आत पुरातत्त्व संग्रहालय आहे. मात्र बाहेरच्या चौकातही पाच मिनिटे थांबावे. 25 एप्रिल 1974 रोजी, हुकूमशाही उलथवणाऱ्या सैनिकी उठावाच्या दिवशी, पंतप्रधान मार्सेलो काएतानो याच चौकातील सुरक्षादलाच्या छावणीत आश्रयाला होता आणि संध्याकाळी येथेच त्याने शरणागती पत्करली. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला असला तरी जुन्या राजवटीने ते कधीच मान्य केले नव्हते. ही राजवट गेल्यानंतरच, 31 डिसेंबर 1974 रोजी झालेल्या करारात पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. चौकात याची पाटी नाही.

5. दुसरी संध्याकाळ: अल्फामा, आणि ट्रॅम 28 चा सापळा

लिस्बनचे नाव काढताच पिवळी ट्रॅम डोळ्यांसमोर येते आणि 28 क्रमांकाची ट्रॅम सर्वांनाच हवी असते. मार्तिम मोनिश येथील तिच्या पहिल्या थांब्यावर दिवसा तासभर उभे राहावे लागू शकते, आत शिरल्यावर बसायला जागा नाही आणि गर्दीत पाकीटमारांची चांदी. हौस असेल तर सकाळी आठच्या आत, किंवा दुसऱ्या टोकाच्या प्राझेरेश थांब्यावरून बसावे. मला विचाराल तर ही ट्रॅम बाहेरून पाहण्यातच अधिक मौज आहे: अल्फामाच्या बोळातून ती घरांच्या भिंतींना जवळजवळ घासत जाते आणि पादचारी दारात अंग चोरून उभे राहतात.

अल्फामा ही टेकडीवरची मूरकालीन, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम राज्यकर्त्यांच्या काळातली, वस्ती भूकंपातून बऱ्याच अंशी वाचली. येथे नकाशा उपयोगी पडत नाही. वरून खाली उतरावे हा एकच नियम पाळावा, म्हणजे दमही लागत नाही आणि चुकलात तरी शेवटी नदीकाठीच पोहोचता. टॅक्सी किंवा बसने साओ जॉर्जच्या किल्ल्यापर्यंत जावे. 1147 मध्ये अफोन्सो एन्रिकेश या पहिल्या पोर्तुगीज राजाने हा किल्ला मूरांकडून घेतला. मार्च ते ऑक्टोबर तो रात्री नऊपर्यंत उघडा असल्यामुळे काम आटोपून आलेल्यांना सोयीचा आहे. हिवाळ्यात सहालाच बंद होतो. तिकीट आधी ऑनलाइन काढावे. तेथून पोर्ताश दो सोल आणि सांता लुझिया या सज्जांवर थांबत, सेच्या कॅथेड्रलवरून खाली यावे.

पायांत काय घालायचे हे येथे खरोखर महत्त्वाचे आहे. शहराचे पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बेसॉल्टच्या लहान चौकोनी दगडांनी मढवलेले आहेत आणि वर्षानुवर्षांच्या वर्दळीने ते गुळगुळीत झाले आहेत. पाऊस पडला की कार्यालयाचे चामडी तळव्याचे बूट घालून उतार उतरणे धोक्याचे असते. रबरी तळव्याचे बूट पिशवीत ठेवून बैठकीनंतर बदलावेत.

6. बेलेमसाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवा

बेलेम संध्याकाळी करण्याजोगे नाही. तेथे जाण्यासाठी बहुतेक जण 15 क्रमांकाच्या ट्रॅमला लोंबकळतात. त्यापेक्षा कायश दो सोद्रे स्थानकावरून काश्काइश मार्गावरची लोकल घ्यावी, ती दहा मिनिटांच्या आत पोहोचवते. मुंबईकरांना सांगायला नको, पण येथेही जलद आणि धिमी गाडी असा भेद आहे आणि काही जलद गाड्या बेलेमला थांबत नाहीत. फलकावरील थांब्यांची यादी पाहूनच चढावे.

मठ उघडण्याच्या अर्धा तास आधी दारात असावे. येथे दोन रांगा असतात आणि घोटाळा तिथेच होतो: चर्चची रांग वेगळी, मठाच्या ओवऱ्यांची वेगळी. चर्चला तिकीट लागत नाही. ओवऱ्यांचे तिकीट आधीच ऑनलाइन काढलेले असावे. प्रथम ओवऱ्या पाहाव्यात, कारण गर्दी तिथेच वाढते. राजा मानुएल पहिला याच्या काळात, 1501 मध्ये या मठाचे बांधकाम सुरू झाले, आणि पूर्वेकडच्या मसाल्याच्या व्यापारावरील कराचा पैसा त्यात ओतला गेला. दोरखंड, समुद्री वनस्पती, गोलयंत्र अशा नौकानयनाच्या खुणा दगडात कोरलेल्या दिसतात. 2007 मध्ये युरोपीय संघाचा लिस्बन करार याच वास्तूत झाला.

चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. 1524 मध्ये तो कोचीत मेला; अवशेष पुढे पोर्तुगालला नेण्यात आले आणि 1880 मध्ये येथे आणले गेले. लोक तेथे भक्तिभावाने छायाचित्रे काढत असतात. तसेच नदीकाठच्या सागरी शोधांच्या स्मारकाचे. 1960 मध्ये दगडात उभारलेल्या त्या जहाजावर दाटीने उभ्या असलेल्या आकृतींत वास्को आहे, 1510 मध्ये गोवा जिंकणारा अफोन्सो द अल्बुकर्क आहे आणि ज्यांचे पार्थिव जुन्या गोव्यात आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियरही आहेत. अल्बुकर्कचा आणखी एक पुतळा राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर उंच खांबावर आहे. आपल्या हापूसला ज्याचे नाव चिकटले तो हाच, असे सहकाऱ्यांना सांगितले की गप्पांना विषय मिळतो. पण या साऱ्या वैभवात दुसरी बाजू दिसत नाही, ती आपण बरोबर नेलेली बरी. याच लोकल मार्गावर पुढे काशियाश नावाचे स्थानक आहे. तेथील किल्ल्याच्या तुरुंगात गोवा मुक्तिसंग्रामातील सांगलीचे मोहन रानडे, गोवा मुक्त झाल्यानंतरही, जानेवारी 1969 पर्यंत कैदेत होते. आत जाता येत नाही. खिडकीतून स्थानकाची पाटी तेवढी दिसते.

बेलेमचा बुरूज 2025 मध्ये दुरुस्तीसाठी बंद करण्यात आला होता, म्हणून आतील तिकिटाच्या भानगडीत पडण्यापूर्वी तो उघडला आहे का ते अधिकृत संकेतस्थळावर पाहावे. बाहेरून तो कधीही पाहता येतो आणि वेळ कमी असेल तर तेवढे पुरे.

7. जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

टेबलावर बसताच न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवतात. ते फुकट नसते. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगावे, कोणी वाईट मानत नाही. रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी फारसे कोठे मिळत नाही.

शाकाहार समजावताना ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागत नाही, कारण मांस म्हणजे लाल मांस असे समजून सॅलडवर मासा किंवा हॅमचे तुकडे येतात. ‘सें कार्न, सें पैश, सें फ्रांगु’, म्हणजे मांस नको, मासा नको, कोंबडी नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे. अंडे चालत नसेल तर ‘सें ओवुश’ जोडावे आणि मग येथली प्रसिद्ध गोड पेस्ट्रीही सोडावी, कारण तिच्यात अंड्याचा बलक भरपूर असतो. काल्दो वेर्दे हे हिरव्या पाल्याचे सूप निरागस दिसते, पण त्यात सॉसेजची चकती असते. यादी वाचताना मात्र मराठी माणसाला सुखद धक्के बसतात: पाव, बटाटा, अननस, काजू हे शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले आहेत. हॉटेलची किल्लीसुद्धा ‘शाव’, म्हणजे आपली चावी.

घरच्यासारखे जेवण हवे असेल तर लुमियार भागातील हिंदू समाजाच्या राधाकृष्ण मंदिरात शाकाहारी भोजनालय आहे. मोझांबिकमधून आलेल्या गुजराती कुटुंबांनी हा समाज उभा केला. बेलेममधील 1837 पासूनच्या पेस्ट्रीच्या दुकानाबाहेर मोठी रांग दिसली तर ती बांधून नेणाऱ्यांची असते. आत शेकडो माणसे बसतील एवढी दालने आहेत आणि तेथे लवकर जागा मिळते.

8. पैसे आणि कार्यालयाला द्यायच्या पावत्या

रोख काढायची असेल तर बँकेच्या भिंतीतील मुल्तीबांको असे लिहिलेले यंत्र वापरावे. पर्यटकांच्या रस्त्यांवर सुटी उभी असलेली रंगीत यंत्रे ‘रुपयांत आकारू का’ असे विचारतात. उत्तर नेहमी ‘युरो’ हेच द्यावे. दुकानात ‘कोंत्रिब्युइंत?’ असे विचारले तर ते स्थानिक करदात्याचा क्रमांक मागत असतात. नाही म्हणावे, पण पावती मात्र मागून घ्यावी. लिस्बन शहर मुक्कामाच्या दर रात्रीला माणशी 4 युरो पर्यटन कर घेते. तो पुष्कळदा आगाऊ आरक्षणात धरलेला नसतो आणि हॉटेलात वेगळा द्यावा लागतो. कंपनीकडून तो परत मिळवायचा असेल तर बिलावर स्वतंत्र ओळ छापून घ्यावी.

9. सिंत्राचा मोह

सहकारी हमखास लिस्बनजवळच्या सिंत्रा या गावाला जा म्हणतील. रोसिओहून लोकलने चाळीस मिनिटे लागतात हे खरे, परंतु तेथील पेना प्रासादाचे तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि बागेच्या फाटकापासून प्रासादापर्यंत चढून जायला अर्धा तास लागतो. तिकिटावरील वेळ प्रासादाच्या दाराची असते, फाटकाची नव्हे. एकच मोकळा दिवस असेल तर तो सिंत्रावर खर्च करू नये. दोन असतील तर अवश्य जावे, मात्र सोमवार ते शुक्रवारातल्या दिवशी.

10. परतीचा दिवस

विमान संध्याकाळचे असेल तर खोली सोडून सामान हॉटेलातच ठेवावे आणि सकाळ अल्काँतारा भागातील प्राच्य संग्रहालयात घालवावी. खारवलेल्या माशांच्या जुन्या गोदामात 2008 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात पोर्तुगीजांच्या आशियातील वावराच्या वस्तू आहेत. हेही सोमवारी बंद. विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे, कारण पासपोर्ट तपासणीची रांग सुरक्षा तपासणीनंतर पुन्हा वेगळी लागते. पेस्ट्रीचा डबा घेतला असेल तर तो हातातल्या सामानात, आडवा ठेवावा आणि घरी पोहोचल्या दिवशीच संपवावा. मी तो मोठ्या बॅगेत टाकला होता आणि मुंबईला पोहोचल्यावर चमच्याने खावा लागला.